आखाजीच्या दिवशी सारफथात

आधी पत्रकाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. ते मीच लिहिलेलं आहे. नाव ‘लंगडणाऱ्यांनो!’ बायबलमध्ये कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा लोकांना विचारतो, दोन मतांमध्ये असे किती दिवस लंगडत राहणार? तिथून ते नाव घेतलं. आमच्या श्रीरामपूरकडच्या तरुण मंडळात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे असतं आणि मी गुळमुळीत लिहीत नाही. रविवारी उपासनेला बसायचं आणि मंगळवारी पोराची पत्रिका दाखवायची, दारावर क्रूस लावायचा आणि चौकटीला लिंबू-मिरची बांधायची, मेलेल्यांच्या नावानं ताट वाढायचं, हे सगळं मी एकेक नाव घेऊन लिहिलं होतं. खानदेशातल्या काही लहान ख्रिस्ती मंडळ्यांनी एलीयाच्या आयुष्यावर बोलायला बोलावलं, तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती.

बोलण्याचे भाग तीन केले होते. अहाब राजाला तोंडावर दुष्काळ सांगून एलीया करीथ ओढ्याकाठी लपतो आणि कावळे त्याला भाकर आणून देतात, हा पहिला. कर्मेलवर एकटा परक्या देवाच्या शेकडो पुजाऱ्यांसमोर उभा राहतो, हा दुसरा. मग जीव मुठीत धरून पळतो आणि होरेबच्या गुहेत देव त्याच्याशी हळू आवाजात बोलतो, हा तिसरा. मधली सारफथची विधवा मी वगळली होती. मडक्यातलं पीठ सरत नाही, कुपीतलं तेल आटत नाही, ही गोष्ट रविवारच्या शाळेत चित्रं दाखवून सांगतात. मोठ्या माणसांचा वेळ त्यात कशाला घालवायचा, असा माझा हिशेब होता.

जळगाव

उन्हाळ्यातलं जळगाव म्हणजे काय, हे न गेलेल्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडेही ऊन असतं, पण आमचं ऊन दुपारी येतं. इथलं सकाळी दात घासत असतानाच येऊन बसतं. माणसं तोंडाला उपरणं गुंडाळून हिंडतात, त्यामुळे पहिल्या दिवशी मी ओळख झालेल्यांनाही ओळखलं नाही.

मला उतरवून घ्यायला याकोबभाऊ आले. पन्नाशीचे, पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, बोटं कायम काळी. पुढचा सगळा प्रवास मी त्यांच्याच मोटरसायकलवर आणि त्यांच्याच ओळखीवर केला. हा माणूस गंभीर चेहऱ्यानं थट्टा करतो, हे समजायला मला अर्धा दिवस लागला.

संध्याकाळी मी कर्मेलवर बोललो. घसा फोडून बोललो. शेवटी विचारलं, “तुमच्यापैकी कोण कोण लंगडतंय?” मागून एक आजोबा खरोखरच उठून म्हणाले, “मी. गुडघा.” मंडळी हसली. नंतर चर्चेला वेळ ठेवला होता. तो सगळा नवे पंखे कुठल्या भिंतीला लावायचे यात गेला. मी चिडलो आणि चिडलोय हे लपवलं नाही.

रात्री याकोबभाऊंच्या घरी शेवभाजी होती. आमच्याकडे शेव चहाबरोबर खातात. इथे ती लालभडक रश्श्यात घालतात आणि पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की घरचे समाधानानं एकमेकांकडे बघतात. मी पाणी पीत होतो तेव्हा याकोबभाऊ म्हणाले, “प्रशांत, तुला एक शंका विचारू? एलीयाला कावळे भाकर आणून देत होते. दुष्काळात त्या कावळ्यांना भाकर मिळत कुठून होती?”

“देव देत होता.”

“देव देत होता हे झालंच. पण कावळा भाकर उचलतो कुठून? आमच्याकडे तर घराच्या कौलावरून उचलतो, पितरांच्या घासातली.”

वहिनी फस्सकन हसल्या. मी म्हणालो, “भाऊ, हा थट्टेचा विषय नाही.”

“थट्टा कुठे करतोय? मोशेच्या नियमात कावळा अशुद्ध आहे, आणि एलीया सोवळ्यातला माणूस. त्यानं विचारलं असेल का कावळ्याला, कुठून आणलीस रे?”

मी विषय बदलला. पत्रकात असल्या प्रश्नाला जागा नसते.

सावदा

सावद्याला मंडळी नाही. याकोबभाऊंना एका मोटारीचं काम होतं म्हणून गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी आणि फक्त केळीच. आमच्या उसासारखीच दाट, पण उसात माणूस हरवतो आणि केळीत गारवा लागतो. बागेचे मालक आबा, साठी ओलांडलेले, कपाळाला गंध. मोटार खोलून ठेवल्यावर त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या बट्ट्या, त्यावर वरण आणि इतकं तूप, की मी हात आडवा धरला.

“तूप घ्या हो. देव तुमचा कुठलाही असला तरी तुपाला नाही म्हणत नसेल,” आबा म्हणाले.

त्यांनी माझ्या पिशवीतलं पत्रक बघायला मागितलं. मी म्हटलं, ते आमच्याच लोकांसाठी आहे. तरी त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि परत देत म्हणाले, “लिहिलंय कडक. पण पोरा, हे वाचून माणूस घरात येईल की घरातून जाईल?”

मी म्हणालो, “ज्याला जायचं त्यानं जावं.”

आबांनी आणखी एक बट्टी माझ्या पानावर फोडली, बस.

निघताना घडाजवळ उभा राहून फोटो काढायच्या नादात शर्टवर केळीचा चीक सांडला. पाण्यानं धुतला तर डाग काळा पडायला लागला. आबांचा मुलगा म्हणाला, “आता हा शर्ट फाटेपर्यंत राहील.” शर्ट पांढरा होता. पुढचे दिवस मी तो डाग मिरवत फिरलो.

शिंदखेडा

धुळे जिल्ह्यात शिरल्यावर जमीन उघडी पडते. कपाशीची काढलेली रानं, काळी ढेकळं, मध्येच एखादा निंब. शिंदखेड्यात एका शाळेतल्या गुरुजींच्या घरी प्रार्थनेला आठ-दहा माणसं जमतात. तिथे मी होरेबवर बोललो. मीच एकटा उरलोय असं एलीया देवाला ऐकवतो, हा भाग मला फार जवळचा आहे. मला नेहमी तसंच वाटत असतं.

बोलणं झाल्यावर मी विचारलं, उद्या सकाळी पुन्हा बसायचं का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी आखाजी होती. अक्षय्य तृतीयेला इकडे आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा मोठी मानतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. पण सगळ्यात आधी घरोघर पितरांची घागर भरतात. घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल तर मोठं लाल मडकं भरायचं, त्याला डेरगं म्हणतात. आणि गेलेल्याच्या वयाचा, घराबाहेरचा एक माणूस बोलवून, त्याला त्याच्या नावानं जेवू घालायचं. त्या माणसाला त्या दिवसापुरता पितर मानतात.

“उद्या आम्ही कोणी इथे नाही,” गुरुजी म्हणाले. “सगळे धुळ्याला जातोय.”

“सगळेच?”

मग त्यांनी भूषणचं सांगितलं. जवळच्या गावातला पोरगा, माझ्याच वयाचा. दोन वर्षं या प्रार्थनेला येत होता, बाप्तिस्माही घेतला होता. गेल्या आखाजीला त्यानं वडिलांची घागर भरायला नकार दिला. घरात फार मोठं भांडण झालं. काकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. भादव्यात कपाशीत फवारणी करताना त्याला साप चावला आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला. काकांनी त्याला अग्नी दिला. मंडळीतले लोक लांब उभे राहिले, कारण अग्नीचे विधी झाले. आता गावात काकांचा शब्द चालतो: ज्यानं बापाचं ताट नाकारलं, त्याच्या ताटाला कोणी बसायचं नाही. आणि आई घरोघर विचारत फिरत होती, माझ्या पोराच्या नावानं कोण जेवेल? गावात कोणी तयार नव्हतं, म्हणून ती इथेही येऊन गेली होती.

“मग तुम्ही तिला काय सांगितलंत? नाही म्हणालात ना?”

“नाही म्हणायची वेळच येऊ दिली नाही,” गुरुजी खाली बघत म्हणाले. “विचार करून सांगतो म्हटलं.”

“आणि विचार करून धुळ्याला निघालात!”

मी बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही. तत्त्वापुरतं बोलायचं तर ताटाला बसू नये हे मला त्यांच्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. ते तर माझ्याच पत्रकात होतं. पण तोंडावर नाही म्हणायलाही माणूस मिळू नये? मी ठरवलं, उद्या मी जातो आणि तिला नीट समजावून सांगतो.

“समजावून?” याकोबभाऊ म्हणाले. “जा बापा. मी गाडी चालवतो, बोलणार तू.”

आखाजी

गावात शिरलो तर झोक्यांवर पोरी गाणी म्हणत होत्या. गल्लीत सावली धरून पत्त्यांचे डाव मांडलेले. भूषणच्या आईचं, सुपडाबाईंचं घर शेवटचं, अंगण दिरासोबत सामाईक. गाव त्यांना अक्का म्हणतं. दाराशी याकोबभाऊ थांबले, मी आत गेलो.

समोर लाल डेरगं भरून ठेवलेलं, त्यावर खरबूज. त्याच्यापुढे पाट आणि ताट. ताटात खापरावरची मोठी पुरणपोळी घडी घालून ठेवलेली, आमरस, कुरडई, भजी. बाजूला मातीच्या तव्यात पितरांचा घास टाकायचे निखारे. अक्का ताटाजवळ बसून माश्या वारत होत्या.

“कोन शे?”

“मी प्रशांत, अक्का. गुरुजींच्या मंडळीकडून आलोय.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “त्यान्हाच वयना शे,” स्वतःशीच म्हणाल्या. मग झटकन उठल्या, पाट पुसला. “ये भाऊ, बस. ताट वाढेल शे.”

त्यांना वाटलं, मंडळीनं मला जेवायलाच पाठवलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, “अक्का, मी भूषणच्या नावानं बसणार नाही. मी ते सांगायलाच आलोय.”

“काबर?”

का, एवढंच विचारलं. मी तयारीनं गेलो होतो. सुरुवात केली, की मेलेला माणूस देवाजवळ असतो, त्याला आपल्या ताटाची गरज नसते. अक्कांनी मध्येच हात वर केला.

“गये साल तो बी आसंच बोलना. ‘माय, मी घागर भराव नही.’ त्यान्हा बाप उपाशी गया. आते तो उपाशी जाई.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुम्हना लोकेसनी त्याले लई गयात. गावना राह्यना नही, तुम्हना बी राह्यना नही. मी इचारस, तुम्हना देव त्याले तठे जेवाडस का? तू दखेल शे का?”

तुमचा देव त्याला तिथे जेवू घालतो का, तू पाहिलंयस का? माझ्याकडे वचनं होती, पण पाहिलेलं काही नव्हतं.

“नही ना? जाय मंग.”

मी बाहेर आलो. अंगणातल्या निंबाखाली उभा राहिलो आणि मला राग आला. गुरुजींचा, काकांचा, अक्कांचाही. आणि त्या रागात मी वगळलेली गोष्ट आठवली. सारफथच्या विधवेचा मुलगा मरतो तेव्हा ती एलीयाला म्हणते, तू माझ्या घरी माझा पोरगा मारायलाच आलास का? अहाब राजाला तोंडावर सुनावणारा हा माणूस. कर्मेलवर तो उभ्या देशाला जाब विचारणार होता. या बाईला त्यानं काय उत्तर दिलं? काहीच नाही. तुझं चुकतंय म्हणाला नाही, देवाचा मार्ग समजावून सांगितला नाही. तुझा मुलगा माझ्याकडे दे, एवढंच म्हणाला. पोराला माडीवर नेलं आणि तिथे देवावर ओरडला: जिच्या घरी मी राहतोय, तिच्यावरच तू हे आणलंस? त्याचा सगळा संताप वर गेला. बाईच्या वाट्याला त्यातला एक शब्द आला नाही.

मीही ओरडलो. निंबाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, “हिच्यावरच का? आणि मलाच का पाठवलंस? मी हिला काय देऊ?” पत्ते खेळणाऱ्यांनी माना वर केल्या. एक जण म्हणाला, “फोनवर बोली ऱ्हायना,” आणि पुढचं पान टाकलं.

वरून काही उत्तर आलं नाही. पोरगाही उठला नाही. ते एलीयाच्या हातून झालं, माझ्या हातून होणार नव्हतं. पण आणखी एक गोष्ट आठवली. एलीया त्या घरी आला तो काही द्यायला आला नव्हता. वेशीवर काटक्या वेचणाऱ्या परक्या देशातल्या, परक्या देवाच्या बाईकडे त्यानं आधी पाणी मागितलं, मग भाकर. तिच्याकडे शेवटचं मूठभर पीठ आहे हे कळल्यावरही मागितली. मला हे नेहमी जरा निर्लज्जपणाचं वाटत आलं होतं.

मी परत आत गेलो. “अक्का, मला भूक लागलीये. सकाळपासून काही खाल्लं नाही. मला भाकर द्या.”

त्यांनी ताटाकडे पाहिलं.

“ते नको. ते भूषणचं. मला वेगळं वाढा. मी पितर नाही, पाहुणा आहे.”

अक्कांची नजर शर्टवरच्या काळ्या डागावर गेली. “केळीना चीक शे हाऊ,” म्हणाल्या. “निंघाव नही.” मग आत गेल्या आणि कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. ज्वारी आणि उडदाची ही भाकर आदल्या दिवशीची होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि खायला लागलो. तिखट होतं. तक्रार केली नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. धोतर, टोपी, हातात पत्ते तसेच. अक्कांचे दीर, भूषणचे काका, अभिमननाना. कोणी उपरा ताटाला बसतोय का, हे बघायला आले होते. आत बघितलं आणि वहिनीकडे वळले.

“वहिनी, हाई काय? आखाजीना दिन, पाव्हना, नि शिळी भाकर? गावमा तोंड दखाडाले जागा ठेवशी का नही?”

“त्यानीच मांगी,” अक्का म्हणाल्या.

नाना माझ्याकडे वळले. “आन् तू रे? समोर पोळी शे नि भाकर चावी ऱ्हायना? येडा शे का?”

“पोळी माझी नाही, नाना.”

“मंग कोनी शे?”

“भूषणची.”

नानांनी हातातले पत्ते खाली ठेवले. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. दारातून याकोबभाऊ खोकले.

“घरमा दुसरी पोळी नही का?” नानांनी वहिनीला विचारलं.

“एकच ताट करं. मी एकलीले काय, शिळी बी चालस.”

नानांच्या घरी नक्कीच पोळ्यांची चळत होती. मागवता आली असती. पण ते पाटाकडे बघत होते. मग टोपी काढून खुंटीला अडकवली.

“पाव्हना एकला जेवस, हाई आम्हना घरमा चालस नही,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले आणि पाट मोकळा ठेवून जमिनीवरच जेवायला बसले. त्यांनी दुसरं ताट मागितलं नाही. समोरचंच ओढलं. पोळी मधून फाडली, अर्धी माझ्या भाकरीवर टाकली. “खाय.” मग स्वतःच्या अर्ध्यातला एक तुकडा मोडून बाजूच्या निखाऱ्यांवर टाकला. तूप चरचरलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

मी ती पोळी खाल्ली. ज्यांना माझ्याविरुद्ध पत्रक काढायचं असेल त्यांनी काढावं, मी छापून देईन. पितर म्हणून बसणं मला आजही मान्य नाही आणि ते वाक्य मी मागे घेत नाही. पण करीथ ओढ्याकाठी बसलेल्या माणसानं कावळ्याकडे चौकशी केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि आमच्या गावच्या कबरस्तानात नोव्हेंबरात आम्ही मेणबत्त्या लावतो, माझी आई बापाच्या कबरीशी उभी राहून त्याला घरच्या बातम्या सांगते. त्याला मी कधी पत्रकात हात घातला नाही, तो का घातला नाही हेही विचारावं. एलीयापासून मी जे शिकलो ते एवढंच लिहू शकतो: नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, पण म्हणून धुळ्याला जाऊ नका. त्याच घरात बसा आणि भाकर मागा. एलीया दुष्काळ सरेपर्यंत त्या परक्या बाईच्या घरी राहिला; कर्मेल त्याच्या नंतर आहे. मी बोलताना तो क्रमच मोडला होता.

नाना जेवत असताना अक्का दोघांच्या मध्ये बसल्या होत्या. रस वाढला, भजी वाढली. ताट रिकामं झालं. अक्कांनी हात पुढे करून ते उचललं नाही. नजर रिकाम्या पाटावर, ना नानांवर ना माझ्यावर.

“पोट भरनं का?” त्यांनी विचारलं.

मी आणि नाना एकदमच म्हणालो, “भरलं.”